शरदातली तापी पुन्हा पाहताना

या महिन्यात नदीकाठाविषयी तीन पत्रे आली. तिन्ही पत्रलेखक मूळचे खानदेशातले आहेत आणि तिघांनाही पावसाळा सरल्यानंतरची आपली नदी पुन्हा पाहायची आहे, म्हणून तिन्ही उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातला प्रश्न तापीकाठच्या अनेकांनी मला या ना त्या शब्दांत विचारलेला आहे.

प्रश्न : माझे मूळ गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, प्रकाशा या गावापासून जवळच आहे. १९८९ साली नोकरीनिमित्त ठाण्याला आलो आणि इथलाच झालो. लहानपणी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आमची प्रत्येक संध्याकाळ नदीवर जात असे. काठालगतचे पाणी गुडघ्याएवढे आणि इतके नितळ, की पायाची बोटे दिसत. मधोमध वाळूचे लांब बेट, त्यावर पांढरे तुरे, आणि सूर्य थेट नदीत बुडताना दिसे. गेल्या दिवाळीत मुलाला हे सगळे दाखवायला घेऊन गेलो, तर काठोकाठ भरलेले, हिरवट, संथ पाणी समोर होते. बेट नव्हते, वाळू नव्हती, आणि सूर्यही डावीकडच्या दरडीमागे गेला. मुलाला ते दृश्य आवडले. मला मात्र त्याच्याशी काही बोलताच आले नाही. माझी आठवण चुकते आहे का? तशी नदी आता कधी आणि कुठे पाहायला मिळेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपली आठवण चुकलेली नाही, हे आधी स्पष्टपणे लिहितो. आपण जे पाहिले होते ते तसेच होते आणि गेल्या दिवाळीत जे पाहिले तेही खरेच आहे. या दोहोंच्या मध्ये काय घडले ते समजले, तर पुढची फेरी कधी आणि कोणत्या जागी करावी हे आपोआप ठरेल.

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि पश्चिमेकडे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिला बर्फाचे पाणी नाही. जे आहे ते पावसाचे आणि पावसाने जमिनीत मुरवलेले. श्रावण-भाद्रपदात दोन्ही बाजूंच्या शेतांवरून वाहून येणारे पाणी माती घेऊन येते, म्हणून नदी तेव्हा गढूळ असते. परतीचा पाऊस खानदेशातून साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघून जातो. त्यानंतर शेतांवरून येणारे पाणी थांबते आणि नदीत उरते ते काठाच्या जमिनीतून, वाळूतून झिरपून आलेले पाणी. झिरपलेल्या पाण्यात माती नसते, आणि आधी आलेला गाळ मंदावलेल्या प्रवाहात तळाशी बसतो. आपल्या पायाची बोटे दिसत होती ती यामुळे. अगस्त्याचा तारा उगवला की नद्यांचे पाणी निवळते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. हा तारा सप्टेंबरात पहाटे दक्षिणेच्या बाजूला क्षितिजाजवळ दिसू लागतो, आणि पाणी निवळण्याचा काळही त्याच्या मागोमागच सुरू होतो. ज्यांनी हे दोन्ही एकत्र पाहून सांगून ठेवले, त्यांची नजर नदीवर किती स्थिर असेल!

म्हणजे शरदातल्या तापीची खरी ओळख पाणी ओसरण्यात होती. पातळी दररोज थोडी उतरे, रोज वाळूची नवी कड उघडी पडे, आणि पुराने टाकलेल्या त्या ताज्या वाळूत काश नावाचे उंच गवत फुलून येई. आपल्याला आठवणारे पांढरे तुरे त्या काशाचेच असणार.

आपण गाव सोडल्यानंतरच्या काळात तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले. वर भुसावळजवळ ४१ दरवाजांचे हतनूर धरण १९८२ पासून होतेच, आणि खाली गुजरातेत उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले होते. बॅरेज म्हणजे डोंगरांच्या मध्ये घातलेले उंच धरण नव्हे. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दरवाजांची ओळ असते. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा हे दरवाजे उघडे ठेवून पाणी जाऊ देतात आणि पावसाळा सरता सरता ते बंद करून नदीच्या पात्रातच पाणी साठवतात. त्यामुळे ज्या आश्विनात पूर्वी नदी उतरत असे, त्याच आश्विनात आता ती भरू लागते. आपले बेट कोणी नेले असे नाही, ते साठलेल्या पाण्याखाली आहे. संथ पाण्यावर शेवाळाचा हिरवा रंग चढतो. काठ वर्षातला बराच काळ पाण्याला लागून राहतो म्हणून तिथे बेशरम नावाचे झुडूप आणि वेडी बाभूळ फोफावते, आणि काशाला लागणारी नवी, मोकळी वाळू त्याला मिळेनाशी होते.

हे लिहिताना मला या बॅरेजना दोष द्यायचा नाही. काठावरच्या शेतकऱ्याची मोटार उन्हाळ्यापर्यंत चालते ती याच पाण्यावर. केळीची कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरतानाची बाग, लावणारा माणूस सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या लागवडीपूर्वी पुढच्या वैशाखाचा विचार करतो, आणि भरलेली नदी पाहून त्याला जो धीर येतो, तो आपल्या बेटाच्या आठवणीपेक्षा कमी मोलाचा नाही. तरीसुद्धा वाहत्या नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला त्याच जागी तळे दिसले, तर त्याचा जीव तुटतो, आणि तो तुटावा हेही मला रास्तच वाटते.

आता सूर्याविषयी. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे शरद संपाताला, सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. तापी पश्चिमवाहिनी आहे, त्यामुळे जिथे पात्र सरळ पश्चिमेकडे धावते तिथे त्या दिवसांत सूर्य पात्राच्या रेषेतच उतरतो. पुढे तो दररोज थोडा दक्षिणेला सरकतो आणि दिवाळीपर्यंत ते अंतर साधारण बारा ते पंधरा अंश होते. तापीकडे पाहत पश्चिमेला तोंड करून उभे राहिले की दक्षिण डाव्या हाताला येते. म्हणून आपला सूर्य डावीकडच्या दरडीमागे गेला. आपल्या आठवणीतला सूर्य नवरात्रातला आहे आणि आपण गेलात दिवाळीत.

तेव्हा माझा सल्ला असा, की यंदा दिवाळीची वाट पाहू नका. पाऊस थांबून पाणी उतरू लागले आहे आणि दरवाजे अजून पूर्ण बंद झालेले नाहीत, असे काही दिवस भाद्रपदाच्या अखेरीला किंवा आश्विनाच्या सुरुवातीला मिळतात. हे दिवस दर वर्षी वेगळे असतात, एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर मिळतही नाहीत, म्हणून तारीख ठरवून तिकीट काढू नका. गावातल्या नात्यातल्या माणसाला फोन करून दोनच गोष्टी विचारा : पाणी उतरते आहे का, आणि दरवाजे टाकले का? त्याने ‘उतरतंय, अजून टाकले नाहीत’ असे सांगितले की त्याच शनिवारी निघा.

ते जमले नाही तरी वाट बंद होत नाही. प्रकाशाला तापीला मिळणारी गोमाई सातपुड्यातून येते. संगमावर केदारेश्वराचे दर्शन घेऊन गोमाईच्या काठाने शहाद्याच्या दिशेने, साठलेल्या पाण्याची फूग संपते तिथपर्यंत वर जा. तिथे पात्र लहान आहे, पण पाणी वाहते आहे आणि ते ओसरताना दिसते. शिरपूर-चोपडा रस्त्यावर लागणारी अनेरही याच जातीची नदी आहे. आपल्या बालपणीची तापी जितकी रुंद होती तितके पात्र या नद्यांत दिसणार नाही. शरदात नदी काय करते ते मात्र दिसेल, आणि मुलाला दाखवण्यासारखे तेच आहे.

तिथे एक गोष्ट मुलाच्या हातून करून घ्या. माझे बालपण भडगावच्या बाजूला गिरणेच्या काठी गेले. पाणी उतरू लागले की आई नदीच्या धारेपासून चार-पाच हात दूर, कोरड्या दिसणाऱ्या वाळूत हाताने झिरा उकरत असे. वीतभर खोलीवर वाळू ओली लागे, आणखी थोडे उकरले की तळाशी पाणी जमू लागे, तेही पहिल्यांदा गढूळ. आई नारळाच्या करवंटीने ते काढून बाजूला ओतत राही. दुसरी करवंटी, पाचवी, दहावी. मग एका क्षणी खाली वाळूचा एकेक कण वेगळा दिसू लागे, कडेने एक बारीक धार आत येताना दिसे आणि तिच्या तोंडाशी वाळूचे चार-सहा कण सतत नाचत राहत. ‘आते पानी निवयनं,’ असे म्हणून आई हंड्यावर फडके धरी. ते पाणी आता पिण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण झिरपलेले पाणी म्हणजे काय, हे एका मुलाला समजवायला त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

माझ्या त्या जागी आज झिरा लागत नाही. वाळूउपसा इतका झाला की कित्येक ठिकाणी पात्रात मुरूम आणि काळी चिकट माती उघडी पडली आहे. वाळू ही नदीची साठवण असते. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि सावकाश सोडते. वाळू गेली की काठावरच्या विहिरींची पातळीही खाली जाते. आपले बेट पाण्याखाली का होईना पण आहे, याचा मला आपल्या वतीने आनंद वाटतो.

आणि गावाच्या घाटावरही जाच, निदान एक संध्याकाळ. सोबत गावातला एखादा वृद्ध माणूस घ्या आणि त्याला पाण्यावरच्या जागा बोटाने दाखवायला सांगा : डोह कुठे होता, पायी पलीकडे जायचा उतार कुठून होता, होडी कुठे लागत असे, टरबूज-खरबुजांच्या वाड्या कोणाच्या आणि कुठपर्यंत होत्या. ही नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. मुलाला ती वहीत लिहून घेऊ द्या. गेल्या वेळी आपल्याला बोलता आले नाही असे आपण लिहिले आहे. या वेळी बोलायला विषय असेल. प्रकाशाचे टेकाड १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून पाहिले, तेव्हा तिथली वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जाते असे दिसून आले. इतकी माणसे या काठावर राहून गेली आहेत, हेही त्याला तिथेच उभे राहून सांगा.

प्रश्न : मी भुसावळला शिक्षक आहे. कार्तिकात काही सहकाऱ्यांसह चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर जावे असा विचार आहे. महाविद्यालयात असताना तिथे जात असे, त्यालाही आता पंचवीस वर्षे झाली. पक्षी कोणते दिसतील, आणि पाण्यात उतरणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : पाण्यात उतरू नका. हे उत्तर आधी देतो, कारण दर वर्षी नदीवर सहलीला गेलेल्यांच्या बाबतीत वाईट बातम्या येतात. संगमाजवळचे पाणी हतनूर धरणाच्या फुगवट्याचे आहे. काठाशी वरून वाळलेला, भेगा पडलेला गाळ दिसतो, त्याच्या खाली मात्र तो ओला आणि मऊ असतो. पाय मांडीपर्यंत रुतला की घाबरून केलेल्या प्रत्येक हालचालीने तो आणखी रुतत जातो. इतर नद्यांत, जिथे वाळू काढलेली आहे, तिथे वेगळा धोका असतो : गुडघाभर पाण्यात चालताना अचानक पुरुषभर खोल खड्डा लागतो आणि पाणी संथ असल्यामुळे वरून त्याची काहीच खूण दिसत नाही. धरणाखालच्या भागात दरवाजे उघडल्याचा इशारा झाला, तर सामान गोळा करत बसू नये, सरळ दरड चढून वर यावे.

पक्ष्यांसाठी आपण निवडलेला काळ योग्य आहे, फक्त कार्तिकाच्या सुरुवातीपेक्षा अखेर बरी. धोबी पक्षी ऑक्टोबरातच येऊन पोहोचलेले असतात आणि काठावर शेपटी खालीवर हलवत फिरताना दिसतात. बदके मात्र टप्प्याटप्प्याने येतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांचे थवे हतनूरच्या पाण्यावर दिसण्याची शक्यता वाढते. शेकाट्या, नदी सुरय आणि कवड्या खंड्या हे तर कधीही दिसतील. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. त्याच्यासाठी दुर्बीण लागत नाही, दहा मिनिटे एका जागी गप्प बसण्याची तयारी लागते, आणि शिक्षकांच्या गटाला हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण मीही तीस वर्षे शिकवले आहे आणि सहलीत सर्वांत जास्त बोलणारे कोण असतात ते मला माहीत आहे.

सकाळी सूर्योदयाला पोहोचा. चांगदेवाचे जुने दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, ते ऊन वर आल्यावर पाहिले तर कोरीव काम नीट दिसते. परतताना एखाद्या ओळखीच्या शेतात भरीत आणि कळण्याच्या भाकरीची सोय झाली, तर तीही करा. भरताची वांगी तोवर यायला लागलेली असतात, आणि ती कपाशीच्या काड्यांवर भाजली जात असताना येणारा वास हासुद्धा आपल्याकडच्या या दिवसांचाच भाग आहे.

प्रश्न : माझे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आईचे वय ८१ असून ती माझ्याकडे पुण्याला असते. भाद्रपद आला की ती भुलाबाईची, म्हणजे आपल्याकडच्या मुलींच्या सणाची, गाणी गुणगुणते आणि ‘एकदा नदी दाखव’ म्हणते. तिला दरड उतरवत नाही, गुडघे दुखतात. नेऊन तिला त्रास तर होणार नाही ना, आणि नदी बदललेली पाहून वाईट तर वाटणार नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, न्या. वाईट वाटेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार आईंचा आहे आणि त्यांनी स्वतः मागितले आहे.

पांझरेवर फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या व्यवस्थेचे, जुने दगडी बंधारे आहेत, त्यांतले काही आजही वापरात आहेत. बंधाऱ्याच्या बाजूने पाट निघतो आणि पाटाच्या कडेने बहुधा बैलगाडीची वाट असते. ती सपाट असते, दरड उतरावी लागत नाही. गाडी जाईल तिथपर्यंत न्या आणि पुढे पन्नास पावले चालण्यापुरती जागा आधी कोणाला तरी पाहून यायला सांगा. सोबत हातांची खुर्ची घ्या, बिनहाताच्या खुर्चीतून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही. ऑक्टोबरात दुपारी आपल्याकडे ऊन चटका देते, म्हणून चारनंतर जा आणि अंधार पडण्याआधी निघा.

भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत असते, त्या महिन्यातच जाणे जमवा. त्या दिवसांत बंधाऱ्यावरून पाणी पडत असण्याचा संभव जास्त असतो. आईंची दृष्टी अधू असली तरी तो आवाज त्यांना ऐकू येईल. फडाच्या व्यवस्थेत गावातली जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने पाळीप्रमाणे सोडायचे, असा नियम होता. त्यांच्या लहानपणी कोणत्या फडात कोणते पीक असे आणि पाटकरी कोण होता, हे त्यांना तिथे बसल्यावर विचारा. घरी विचारलेत तर आठवत नाही म्हणतील. पाटाच्या कडेला बसल्या की आठवेल, असा माझा माझ्या आईबद्दलचा अनुभव आहे.

आणि गाणी म्हणू लागल्या तर मध्ये थांबवू नका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो खुर्चीखाली गवतात ठेवून द्या, म्हणजे त्यांचे लक्ष त्याच्याकडे जाणार नाही. खिरापतीचा डबा मात्र न विसरता न्या, आणि त्यात काय आहे ते त्यांना झाकण न उघडता ओळखू द्या.